भासऱ्यांची बोटं

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांसमोर उघड्या डोक्याने यायचं नाही, बोलायचं नाही, नजर वर करायची नाही. मी नागपूरची, मॅट्रिक झालेली. मला या प्रकाराचा मनस्वी राग यायचा, पण सिंदीला सासरी आले तेव्हा राग माहेरीच ठेवून यावं लागलं. त्यामुळे माझ्या भासऱ्यांचा चेहरा मी कधी धड पाहिला नाही. पदराखालून दिसतात तेवढेच मला ते माहीत, म्हणजे पाय आणि हात.

मी लग्न होऊन आले तेव्हा तर तेही नव्हते. सासऱ्यांशी भांडून ते किती तरी वर्षांपूर्वी स्टेशनवर गेले आणि मिळेल त्या गाडीत बसले, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. मागे राहिल्या माझ्या जाऊबाई. मूलबाळ नाही, नवऱ्याचा पत्ता नाही. रोज सकाळी आरशासमोर बसून ठसठशीत कुंकू लावायच्या आणि दिवसभर सगळ्या घराला धारेवर धरायच्या. सासू-सासरे गेले, तरी ते कुंकू पुसायचं कोणी त्यांना सुचवलं नाही. तेवढी हिंमत सिंदीत कोणाचीच नव्हती.

ऐंशीनंतरची गोष्ट. पोळा नुकताच झाला होता. भरदुपारी एक माणूस स्टेशनकडून चालत आला आणि ओसरीवर बसला. वणीकडच्या चुनाभट्टीत होतो म्हणाला. चुन्याने एक डोळा पांढरा झालेला, कातडी जागोजागी भाजलेली, आवाज घोगरा. त्याने सासऱ्यांचं नाव सांगितलं, विकलेल्या बैलांची नावं सांगितली. पण विहीर घराच्या कोणत्या अंगाला आहे ते चुकला. अर्धं गाव म्हणालं तोच, अर्धं म्हणालं कोणीतरी बहुरूपी. जाऊबाईंनी ताट वाढलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

माझ्या नवऱ्याची फार पंचाईत झाली. त्याला ना 'दादा' म्हणवे, ना 'चालता हो' म्हणवे. भिंतीकडे पाहून 'जेवून घ्या' म्हणायचा. शेवटी त्याला आठवलं की शेतीच्या एका जुन्या कागदावर दादाचा अंगठा आहे, आणि नागपूरला त्याच्या आतेभावाच्या, ठसे तपासायच्या सरकारी कार्यालयात अंगठे ताडून पाहायची मशीन आहे. माहेरी जायला मिळेल म्हणून मीही सोबत निघाले. जाऊबाई आल्या नाहीत. "मशीननं काय सांगतलं ते मले येऊन सांगजो," एवढंच मला म्हणाल्या.

कार्यालयातल्या त्या खोलीचे पडदे ओढलेले होते. मशीन म्हणजे एक पेटी, आत झगझगीत दिवा, आणि पुढे दुधी काचेच्या दोन गोल चकत्या. डाव्या चकतीवर जुन्या कागदावरचा अंगठा उमटला तो भाकरीएवढा. आतेभाऊ मोठ्या हौसेने सांगत होता की सगळं चित्र जुळवायचं नसतं. रेघ कुठे फुटते, कुठे संपते, कुठे दुसरीला मिळते, त्या जागा तेवढ्या ताडायच्या. मग त्याने भासऱ्यांच्या अंगठ्याला शाई लावली, कागदावर फिरवला आणि उजवीकडे ठेवला.

उजवीकडे नुसता काळा डाग आला. एकही रेघ नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही बोटं झाली. दहा डाग.

मशीन बिघडली की काय म्हणून आतेभावाने माझा अंगठा घेतला. लगेच सगळ्या रेघा झरझर दिसल्या. मी, त्या घरात काल आलेली बाई, मशीनला दिसले, आणि हा माणूस दिसला नाही. मी पदराखालून त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत होती.

"चुना रेघा खाऊन टाकते," आतेभाऊ म्हणाला. "पण त्या आतून शाबूत असतात. हाताले दोन महिने आराम द्या, तेल लावा. जशा होत्या तशाच येतीन. दुसऱ्या येत नाई." दिवाळीआधी परत यायचं ठरलं.

आणि आमच्या घरात ते विलक्षण दिवस सुरू झाले. भासऱ्यांनी काडी इकडची तिकडे करायची नाही, शेंग फोडायची नाही, आपलं ताट उचलायचं नाही. ओसरीवर बसायचं आणि बोटं वाढू द्यायची. संध्याकाळी जाऊबाई जवसाचं तेल घेऊन बसत आणि एकेक बोट चोळत. तेव्हा त्या त्याच्या तोंडाकडे पाहत नसत, माझ्यासारख्याच खाली पाहत. त्याच्याविषयी बोलताना 'ते पाहुणे' म्हणत.

आधी करंगळीच्या कडेला बारीक सुरकुत्यांसारखं काहीतरी आलं. मग इतर बोटांवर. पाण्याचा पेला ठेवताना मला ते दिसायचं, आणि पेला ठेवून मी जवळजवळ पळतच आत यायची. पोटातलं मूल वाढतं तेव्हा घरात आनंद असतो. इथेही कोणीतरी रोज थोडं थोडं येत होतं, पण कोण येतंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा सकाळी उठून आधी त्या माणसाचा अंगठा उजेडात धरून पाही. मला त्या अंगठ्याची भीती वाटायची, अगदी खरी भीती. त्याहून भीती जाऊबाईंची वाटायची, कारण त्यांचं ओरडणं बंद झालं होतं. रेघा जुळल्या तर त्यांची इतक्या वर्षांची वाट संपणार होती. नाही जुळल्या, तर परक्या माणसाचे हात दोन महिने तेलाने चोळले म्हणून गाव थुंकणार होतं, आणि वाट पाहायलाही पुन्हा तोंड उरणार नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली. अंगठा भरत आला होता. मधोमध भोवरा दिसू लागला होता. त्या दिवशी तेल लावता लावता जाऊबाईंनी एकदाच विचारलं. मी दाराआड गहू निवडत होते, मला ऐकू आलं.

"तुमीच हाय ना?"

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रेघा येऊ द्या. मंग मले बी समजीन."

हातातलं सूप मी खाली ठेवलं. तो खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्या आवाजात लबाडीचा मागमूस नव्हता. तोही आमच्यासारखाच वाट पाहत होता. जाऊबाईंनी उरलेली बोटं चोळली, तेलाची वाटी उचलली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात घंगाळात चुना भिजवला. दिवाळीच्या आधी आम्ही भिंती पोतारतोच, त्यात नवल काही नव्हतं. चुना उकळल्यासारखा रटरटला, थंडावला. कुंचा शेजारीच पडलेला होता. जाऊबाईंनी तो पायाने बाजूला सारला आणि ओसरीकडे पाहून म्हणाल्या,

"अवो, या इकडं. भिती पोतारा. कुंच्यानं नाई, हातानं."

बायको नवऱ्याला हाक मारते तसं ते 'अवो' होतं. मी त्या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

माझा नवरा धावत आला. "वयनी, काय करून राह्यल्या? परवा नागपूरले जा लागते ना!"

"कोणी कुठी जात नाई. माह्या घरचा माणूस माह्या घरच्या भिती पोतारून राह्यला. तुमाले काय तरास होते?"

भासरे उठले. मला त्यांचे पाय घंगाळापाशी येऊन थांबलेले दिसले. मग दोन्ही हात खाली आले, क्षणभर तसेच राहिले आणि मनगटापर्यंत चुन्यात गेले.

नागपूरला कोणी गेलं नाही. त्यानंतर आमचं घर पोतारायला सण लागत नसे. बोटांवर रेघ दिसायला लागली की जाऊबाई चुना भिजवायच्या. सिंदीत आमच्याइतकं पांढरं घर दुसरं नव्हतं, येणारे-जाणारे कौतुक करत. आणि संध्याकाळी त्या सोललेल्या हातांना जाऊबाईच तेल लावून देत.