परण्यात वाजलेलं जॅझ

आमच्या वसमतच्या बँडमध्ये जळबा क्लॅरिनेट वाजवतो आणि मी ढोल. माणूस गुणी, पण डोकं जरा फिरलेलं. त्याच्या लेकीनं, आकांक्षानं, पुण्याहून मोबाइलवर एक परदेशी गाणं पाठवलं. याला जॅझ म्हणतात, एवढंच तिनं सांगितलं. शब्द कळेनात, ठेका कळेना, तरी ते लागलं की जळबाचे पाय आपोआप हलायचे. "हे खुशीचं हाय का दुःखाचं?" तो मला विचारायचा. दरवेळी ऐकलं की माझं मत बदलायचं. शेवटी मी चिडलो. "मला काहून विचारून राहिला? नाचून मोकळा हो."

त्यातच मालक विजयकुमार यांनी बजावलं. पोरं हल्ली कीबोर्डवरच नाचतात. डोंगरकडा गावच्या लग्नात ती क्लॅरिनेटवर नाचली नाहीत, तर जळबाकाकांनी यापुढे मागे उभं राहून खुळखुळा वाजवायचा. जन्मभर पुढच्या रांगेत उभा राहिलेला माणूस. मला मालकांचा फार राग आला.

लग्नाच्या सकाळी परण्या निघाला. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला चालला होता, आणि आमच्या जळबानं कुणाला न विचारता तेच जॅझ काढलं. सुरुवात संथ, गळा दाटून आल्यासारखी. बायकांना वाटलं, ही पाठवणीचीच धून. नवरीची आई गोजरबाई पदर सावरत मांडवातून धावत आली. "अजून अक्षता पडल्या न्हाईत, अन् पोरगी न्यायला निघाले का?" म्हणत ती रडायलाच लागली. तिला बघून बाकीच्याही रडू लागल्या. घोडीवरचा नवरदेव घाबरून गेला.

तेवढ्यात गाणं उड्या मारायला लागलं. ते एकीकडे, माझा ढोल दुसरीकडे. पोरं मोबाइल धरून नुसती बघत राहिली. आणि गोजरबाई, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून, नाचू लागली. मग तिच्या जावा नाचल्या, नणंदा नाचल्या. मी ठेका शोधायचं सोडलं आणि त्यांच्या पायांकडे बघत वाजवलं. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण इतकी मजा मला कधी आली नव्हती.

"पोरं कुठं नाचली, काका?" म्हणत मालकांनी जेवणानंतर जळबाच्या हातात खुळखुळा दिला. त्यानं तो घेतला आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिली. मला भांडायचं होतं. पण बायकांचं नाचणं धरायचं की नाही, हेच मला ठरवता येईना.

संध्याकाळी खरी पाठवणी आली. कीबोर्ड सुरू झाला, तशी गोजरबाई गाडीच्या दारात आडवी उभी राहिली. "सकाळचं वाजवा. त्याच्याबिगर माझी पोरगी बसायची न्हाई."

मालकांनी स्वतः क्लॅरिनेट आणून दिली. जळबा वाजवू लागला. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि दोघींचे पाय हलत होते.

खुळखुळ्याचं पुढं काय, हे त्यानंतर मालकांनी सांगितलं नाही आणि जळबानंही विचारलं नाही. दर लग्नात तो पुढे जाऊन उभा राहतो, आणि क्लॅरिनेट तोंडाला लावण्याआधी एकदा मालकांकडे बघतो.