आमच्या घरची पहिली आणि शेवटची निवडणूक

आमच्या घरात आजवर एकच निवडणूक झाली, आणि तीही मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतल्यामुळे झाली.

बाबा रेल्वेत बाबू. त्या उन्हाळ्यात त्यांच्या हाती थोडे पैसे आले. त्यात एकच वस्तू बसत होती: मला कॉलेजला जायला स्कूटी, नाहीतर घराला एसी. दादा उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून तो एसीवाला. आईसुद्धा एसीवाली. बाबा पेपरामागून म्हणाले, "गरमी तं हायेच बाप्पा." म्हणजे तेही गेले! आणि मी? भर उन्हात शेअर ऑटोत अर्धी बाहेर लटकून परीक्षेला जात होते.

"ही हुकूमशाही आहे," मी जाहीर केलं. "गुप्त मतदान घ्या."

"घरात चार टाळके, त्यायचं कायचं गुप्त?" आई म्हणाली.

"जो करना है कर, मीनू, मुझे सोने दे," दादा म्हणाला. (आमचा दादा मराठी फक्त ऐकतो.)

नियम मीच लिहिले. समसमान मतं पडली तर अध्यक्ष म्हणून बाबा निर्णय देणार. मोजणीला तटस्थ माणूस हवा, म्हणून बूढापारा मोहल्ल्यात राहणाऱ्या आमच्या काकांची नेमणूकही मीच केली. मतदान त्यांच्याच घरी, दुपारी. काकांनी नुकताच एसी बसवलाय, ही बाब माझ्या अभ्यासक्रमात नव्हती!

त्या खोलीत पाय ठेवला आणि पाठीवरचा घाम जागीच थांबला. प्रचाराचं भाषण पाठ करून आणलं होतं (स्त्रियांचं संचारस्वातंत्र्य वगैरे). तिसऱ्या वाक्यालाच जांभई आली. काकूंनी थंडगार पन्हं दिलं, काकांनी चिठ्ठी दिली. तीन मतं तर विरोधात ठरलेलीच. हरणारच आहोत तर निदान... असा एक अत्यंत बेइमान विचार मनात आला, आणि चिठ्ठीवर उतरलासुद्धा.

काका वाचू लागले. "एसी. एसी. एसी. स्कूटी."

सगळ्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मी हादरले, कारण ते मत माझं नव्हतं. पण पडलेल्या उमेदवारानं गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी ओरडले, "फेरमोजणी करा!"

काकांनी चष्मा लावून चिठ्ठ्या पुन्हा उलगडल्या. चौथी बराच वेळ निरखली.

"भाऊ, ह्याच्यावर तं तुमची सही हाय. तारीख पण टाकली."

बाबा ओशाळले. "ऑफिसची आदत हाय ना. पोट्टी उन्हात जाऊन राहिली, म्हटलं घेऊन देऊ."

आईनं बोटं मोजली. "मंग ह्या पोट्टीचं मत कुठी गेलं?"

"टाई होता तो फैसला पापा ही करते," दादा पहिल्यांदाच पूर्ण जागा होऊन म्हणाला. "अपने ही खिलाफ वोट दे आई!"

मला खरोखर लाज वाटली. घरी आल्यावर बाबा थेट पेपरामागे गेले.

आठवड्यात एसी लागला. पहिल्या दुपारी बाबांनी म्हणे मोठ्या मनानं मला विचारलं, "बराबर लागून राहिली का हवा?"

दादा सांगतो, मी घोरत होते.