मोपेड परत मिळाल्याची बातमी

वडिलांची मोपेड चोरीला गेली तेव्हा ती कुणी चोरेल यावरच आमचा आधी विश्वास बसेना. सीट जाड दोऱ्याने शिवलेलं, हॉर्न वाजायचा तो फक्त वळताना. पण तिचं एक ठरलेलं काम होतं. रोज सकाळी वडील तिच्यावरून जालन्याबाहेर दोन कोसांवर आत्याकडे जायचे आणि तिला अख्खा पेपर वाचून दाखवायचे. आत्याला दिसत नाही. दुसऱ्या कुणी वाचलेलं तिला चालत नाही, कारण बाकीचे मधलं मधलं गाळतात.

वडील गाळत नाहीत. त्यांची सगळी नोकरी अंकुशनगरला उसाच्या वजनकाट्यावर झाली. जे आहे तेच लिहायचं आणि लिहिलंय तेच वाचायचं, हा त्यांचा धर्म आणि आमचा छळ.

पोलीस ठाण्यात जमादार फार गोड बोलले. "काका, गहाळ झाली म्हणून लिहितो. चोरी लिहिली की आमचा महिन्याचा आकडा वाढतो, अन् साहेबाला मिटिंगमधी ऐकून घ्यावं लागतं."

"गाडी काय खिशातून पडली का?" असं म्हणून वडील बाकावर बसले ते बसलेच. दहाला बसले, चारला जमादारांनी 'चोरी' लिहिलं. मी बियाणे कंपनीतून अर्धी रजा काढली होती, ती पूर्ण झाली. माझ्या स्कूटीवरून निघालो तर समोरच्याच चौकात हेल्मेट नाही म्हणून पोलिसांनी माझी पावती फाडली. मोहीम चालू होती. पावत्या फाडायला चार जण होते, मोपेड शोधायला एकही नव्हता. मी चिडून काहीबाही बोलले, तर वडिलांनी मलाच गप्प केलं. हेल्मेट खरंच नव्हतं.

मग वडिलांनी स्वतः डोकं चालवलं. असली गाडी विकत कोण घेणार? ती भंगारातच जाणार, आणि तिथून एमआयडीसीतल्या एखाद्या भट्टीत. दोन रविवार मी त्यांना मागे बसवून भंगाराची गोदामं पालथी घातली. सहाव्या गोदामात, तुटक्या कूलरांच्या मागे, शिवलेलं सीट दिसलं. गोदामवाल्याने हात जोडले. "कोणतरी टाकून गेल्तं, काका. घेऊन जा जल्दी."

इथून कुणीही शहाणा माणूस गाडी घेऊन घरी गेला असता. वडील ठाण्यात गेले. हरवल्याची नोंद आहे तर सापडल्याचीही हवी, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, राहू द्या ना. नाही राहू दिलं.

जमादारांचा चेहरा असा खुलला की मला तिथेच धास्ती वाटली. "काका, बराबर टायमाला आले. पुढल्या महिन्यात मुद्देमाल वाटपाचा कार्यक्रम आहे. चोरीचा माल साहेब सोताच्या हातानं मालकाला परत देणार. आमच्या ठाण्याला धा जिनसा दाखवायच्या, नऊच जमल्या होत्या."

"पण गाडी मी शोधली," वडील म्हणाले.

"चोरी तुम्हीच लिहायला लावली न्हाई का? मंग आता ती मुद्देमाल झाली." आणि गाडी आवारात लावून घेतली.

तेवीस दिवस ती तिथे उन्हात उभी होती. वडिलांच्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्या झेपत नाहीत. माझी कंपनीची वेळ आणि आत्याची पेपरची वेळ एकच. रविवारी मी न्यायची, पण एका रविवारी एकच पेपर व्हायचा. बाकीचे दिवस आत्या शेजाऱ्याच्या फोनवरून विचारायची, "आज येऊन राह्यला का?" नाही म्हणून सांगून वडील त्या दिवसाच्या पेपरची घडी घालायचे आणि तारखेप्रमाणे थप्पीवर ठेवायचे. ते बघून मला रडू यायचं, आणि मागोमाग जमादारांचा राग.

कार्यक्रमाला मंडप होता, नारळ होता, मोपेडला झेंडूचा हार होता. साहेबांनी किल्ली दिली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मोपेड काही सुरू होईना. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता.

"आता हे काय लिहिता?" वडिलांनी जमादारांना विचारलं.

"ऊन किती पडलं, काका. उडून गेलं असंल." पण लाजले बिचारे. स्वतःच्या गाडीतून बाटलीभर काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून, हेल्मेट घालून, वडिलांच्या मागोमाग आत्याकडे गेले. आवाज ऐकून आत्या दारात येऊन उभी होती. वडिलांनी पेपरची थप्पी खाली ठेवली.

"जुने मागून वाच," आत्या म्हणाली. "आजच्यात तुझा फोटो आलाय म्हणं. पोलिसांनी शोधून दिली?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पोलिसांनी अथक परिश्रम करून मोपेडचा छडा लावला, असं ठळक छापलेलं होतं. वडील थांबले. चष्मा पुसला. मग रोजच्याच आवाजात त्यांनी वाचलं, "मालकाने भंगारातून शोधून आणलेली मोपेड पोलिसांनी तेवीस दिवस ठेवून घेऊन त्यालाच परत दिली."

आत्याने समाधानाने मान हलवली. "बराबर छापलंय. म्हणून म्हणते, गाळू नये."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पान उलटून ते पुढची बातमी वाचू लागले, जशी छापली होती तशी.