तिसऱ्या पाळीचं जागरण

चिखलीत कोंडीरामच्या जिन्यात दुपारपर्यंत कुणी मोठ्यानं बोलत नसे, कारण कोंडीराम झोपलेला असे. चाकणच्या कंपनीत तो सदा तिसऱ्या पाळीला. दुसऱ्यांची रात्रपाळीसुद्धा हौसेनं मागून घ्यायचा. सकाळी घरी आला की बूट काढता काढता ‘रातभर डोळ्याला डोळा न्हाई’ एवढंच म्हणायचा आणि डोक्यावरून पांघरूण ओढायचा. त्या एका वाक्यावर सगळं घर चाले. त्याची बायको गोजाबाई सकाळी कुकर लावायची नाही, शिट्टी होते म्हणून डाळ पातेल्यात शिजवायची. दारावरच्या घंटीची वायर काढून ठेवलेली. सिद्धेश आणि मिनल ही पोरं पाढेसुद्धा ओठातल्या ओठात म्हणायची.

निवृत्त झाल्यावरही हा मान कमी झाला नाही. दळण, बाजार, नातवाला शाळेत सोडणं, काहीही अंगावर यायला लागलं की कोंडीराम म्हणायचा, जन्मभर रात्री जागलोय, आता तरी पडू दे. गोजाबाई पिशवी उचलायची. हे जागरण काढून घेतलं असतं तर घरात त्याच्याकडे दुसरं काही भांडवल नव्हतं.

आणि खरं काय ते त्याच्याबरोबर तिघांनाच ठाऊक होतं. सयाजी, भीमराज आणि खंडू, कंपनीतल्या एकाच शॉपमधले. मध्यरात्र उलटून काम आटोपलं की ही मंडळी कंप्रेसरच्या मागे पुठ्ठे अंथरून मस्त ताणून द्यायची. एकजण वॉचवर. साहेबाची बॅटरी लांबून दिसली की वॉचवाल्यानं पाइपवर पान्याचे तीन ठोके द्यायचे. या कामात कोंडीरामचा हात कुणी धरू शकत नसे. तो बसल्या बसल्या घोरायचा, पण पापणीवर उजेड पडला रे पडला की ठोके वाजलेच. साहेब येईपर्यंत चौघंही मशीनवर, घाम पुसत.

यंदा या चौघांनी बायकांना घेऊन व्हिएतनामची सहल काढली. गोजाबाईला त्यात एकच गोष्ट पाहायची होती, समुद्र. हनोईत पाऊस असा मागे लागला की समुद्रकाठच्या दा नांगचं विमान रद्द झालं आणि सहलवाल्यानं रात्रीच्या रेल्वेगाडीची तिकिटं हातात ठेवली. बाकीच्या तिघींना डब्यातली शेजारची खोली मिळाली, गोजाबाई मात्र या चौघांच्या खोलीत आली. सहा बर्थ, एकावर एक तीन तीन, एकावर बॅगांचा ढीग. गुडघ्याचं निमित्त सांगून कोंडीरामनं खालचा बर्थ पटकावला. गुडघा खरं तर गोजाबाईचा दुखत होता. ती लोखंडी शिडी धरून कण्हत मधल्यावर चढली.

बाहेर पाऊस कोसळत होता, खिडकीतून दिसत काहीच नव्हतं. कोंडीरामनं उदार होऊन जाहीर केलं की सगळ्यांनी निर्धास्त झोपावं, सामानाकडे तो बघेल, त्याला जागायची सवय आहे. मग स्टीलची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन तो ताठ बसला आणि बसल्या बसल्या घोरायला लागला.

रात्री केव्हातरी पुढच्या स्टेशनवर उतरणाऱ्यांना उठवायला गाडीचा माणूस बॅटरी घेऊन आला. उजेड दारातून आत सरकला. कोंडीरामचे डोळे मिटलेलेच होते, पण हातानं आपलं काम केलं. बाटलीचे शिडीवर ठण, ठण, ठण असे तीन ठोके पडले.

मग जे झालं ते बिचाऱ्या व्हिएतनामी माणसानं आयुष्यात पाहिलं नसेल. खंडू वरच्या बर्थवरून उसळला आणि त्याचं डोकं छताला आपटलं. भीमराज मशीनचं समजून दोन्ही हातांनी दिव्याचं झाकण चाचपायला लागला. सयाजी झोपेतच म्हणाला, “मशीनचं कूलंट बघतोय साहेब.” तो माणूस घाईनं दार लावून निघून गेला.

चौघं पूर्ण जागे झाले आणि हसून हसून त्यांचं पोट दुखायला लागलं. खंडू टेंगूळ चोळत बोलून गेला, “कोंड्या, आजून वॉच सोडला न्हाईस व्हय. आता पुठ्ठं तेवढं आंथर.” मग त्याला आठवलं की मधल्या बर्थवर कोण आहे. हसणं एकदम थांबलं. कोंडीरामनं बाटली हळूच पांघरुणाखाली सरकवली.

गोजाबाई शिडीवरून सावकाश खाली उतरली.

“उठा,” ती म्हणाली. “आता मी झोपते. तुमी वॉच ठेवा.”

कोंडीराम उठला. त्या रात्री तो खरोखर जागला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी देहूत राहणाऱ्या सयाजीनं रोजच्या सवयीनं अभंग धरला, तेव्हा कोंडीरामनं ओठांवर बोट ठेवलं. खंडूला खोकला आला, त्याला बाहेर घालवलं. चहाची ढकलगाडी खडखडत आली तर कोंडीराम डब्याच्या बोळात धावला आणि त्या बाईला हातवारे करून गाडी लांबच थांबवायला लावली. सिद्धेश-मिनल इतकी वर्षं कशी जगली असतील हा विचार त्याला तिथे उभा असताना आला, आणि त्याला वाईट वाटलं.

परत आला तो हातात एक कप घेऊन. पाऊस विरळ झाला होता आणि रुळांच्या कडेला, खाली, करडा समुद्र दिसत होता. उठवावं की नाही हे त्याला कळेना. शेवटी तो कुजबुजला, “गोजा, समुद्र.”

“बघतीय मघाधरनं,” गोजाबाई पडल्या पडल्या म्हणाली. मग उठून बसली आणि कप घेतला.

कोंडीरामनं चाचरत विचारलं, “तुला राग न्हाई आला?”

“त्यात काय राग. मला पयल्या वरसापास्नं ठावं हाय. सकाळी घरी यायचा तवा गालावर पुठ्ठ्याच्या रेघा असायच्या. रातभर जागणाऱ्याच्या गालावर रेघा उठत्यात व्हय?”

कोंडीरामचा हात आपोआप गालावर गेला. “मग इतकी वरसं पोरांना गप का बसवलंस?”

“तुमी उठू नये म्हणून,” गोजाबाई म्हणाली. “उठला की च्या आण, पाणी आण, टीव्ही बंद कर. झोपलेला असायचा तवर घर माजं असायचं.”

तिनं चहा संपवला, रिकामा कप त्याच्या हातात दिला आणि आवाज न करता आणखी एक आणायला सांगितलं.