राखण

"दुःख माह्यं हाय, त्याच्या राखणीले दुसऱ्याची पोरगी कायले बसवू?"

मैनाबाईनं हे एका रविवारी, दिग्रसच्या आपल्या घरात, दिराच्या तोंडावर म्हटलं.

ती जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचते. संध्याकाळी घरी येते तेव्हा भुवयांवर तंतू असतात, आणि त्याखाली डोळे कोणालाच मोकळं सोडत नाहीत. नवरा डोमाजी फार पूर्वी गेला. दोन वर्षांमागे पांढरकवड्याच्या पुढं ट्रक उलटला आणि मुलगा राजदीप गेला. त्याच्या चपला अजून दाराशी आहेत. कोणी हलवायच्या नाहीत. बाया म्हणाल्या, आता पुरे कर. तिनं पुरे केलं नाही. रडू आलं की ती रडते, कामावर, बाजारात, कुठंही.

"कानाले टोचत असन त कान तिकडं न्या," असं म्हणते.

घरात उरली सून, दीपा. तिला बाभुळगावचं स्थळ आलं होतं. तिला माणूस पसंत होता, पण सासूला एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. त्या रविवारी दीर नानाजी हे स्थळ मोडायलाच आला. सोबत त्याची मुलगी सलोनी. ती मोबाइलवर पाहून टॅरोचे, भविष्य सांगायचे, पत्ते शिकली होती.

"मोठीआई, एक काढ ना."

मैनाबाईनं काढला. काळा झगा पांघरलेला माणूस, मान खाली. समोर तीन पेले सांडलेले, पाठीमागं दोन उभे.

"हा दुःखाचा पत्ता," सलोनी म्हणाली. "सांडलं तिकडं पाहू नको. मागं वळ. जे उरलं ते धर."

नानाजीनं ते उचललंच. "आयकलं का वहिनी? पत्त्यालेबी समजते. दीपा उरली तुमाले, तिले धरून ठेवा. ती गेली त पाणी कोण देईन?"

"नळ हाय ना घरात."

सलोनी फिसकन हसली, मग बापाकडं पाहून उरलेले पत्ते पिसू लागली.

मैनाबाईनं पत्ता उजेडात धरला. "सांडलेल्याकडं काहून नाही पाह्यचं? माह्यंच सांडलं ना? मी पाहीन. मरेस्तोवर पाहीन. आन मांगं पेला उभा हाय, तो माह्यासाठीच भरला, हे कोणं सांगतलं?"

"आई, मी नाही जात," दीपा चुलीजवळून म्हणाली. "राहू द्या ते."

"पाहा," नानाजी म्हणाला, "पोरीलेच समजते."

तेव्हा मैनाबाई ते राखणीचं बोलली.

तिनं पेटी उघडली. तळातून पांढरी साडी काढली. तिच्या समाजात नवरी बुद्धविहारात पांढरी साडी नेसून उभी राहते. ही तिच्या स्वतःच्या लग्नाची, घड्यांवर पिवळी पडलेली. ती तिनं दीपाच्या खांद्यावर टाकली. पत्ता नानाजीच्या हातावर ठेवला.

मग दाराशी राजदीपच्या चपलांना धक्का न लावता तिनं आपल्या चपला पायात सरकवल्या, आणि लग्नाची तारीख धरायला, विहाराच्या रस्त्याला लागली.