राजूरच्या घाटात पुढच्या बाकावर

नांदुऱ्याहून येऊन मलकापूरच्या स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत चार भाकरी, मिरचीचा ठेचा आणि बुलढाण्याच्या मोटारमालकाचं एक कार्ड होतं. तुमची तक्रार पोचली, ड्रायव्हर कबूल होत नाही, तरी समक्ष येऊन सांगावं, म्हणजे त्याला कायमचा काढता येईल, असं त्यात लिहिलं होतं. मी निघाले होते ती एका माणसाला कामावरून काढायला. तीर्थयात्रेला नव्हे, हे आधीच सांगते.

तक्रार अशी. दिवाळीला मी धाकट्या बहिणीकडे बुलढाण्याला गेले होते. परतताना राजूरचा घाट उतरू लागलो, तर गफूर नावाच्या ड्रायव्हरने वाकण (वळण) आलं की मोटारीचं ढुंगण दरीकडे फेकायचा सपाटा लावला. आम्ही पाच बायका मागच्या बाकावर, पडद्याआड. बायकांनी मागंच बसायचं अशी रीत. एकीचं कपाळ लोखंडी दांडीवर आपटून फुटलं. एक पोटुशी होती, ती सगळा घाट ओकत उतरली. पुढे बसलेले पुरुष मात्र आमच्या किंचाळण्याला हसत होते. मलकापूरला उतरल्यावर सगळ्या म्हणाल्या, लिहा. लिहिणार कोण? चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी. तिथंच पेन्सिलीने लिहिलं, ‘हा ड्रायव्हर वाकणावर मोटार मुद्दाम फेकतो. बायामाणसांच्या जिवाशी खेळतो. याला काढावे.’ खाली सही केली. बाकीच्यांनी अंगठे उठवले.

आता पुन्हा त्याच रस्त्याला लागले. कापसाचा हंगाम होता. स्टेशनापासून जिनापर्यंत (सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत) बंड्या (बैलगाड्या) एकीला एक लागून उभ्या होत्या आणि कापूस उडून लोकांच्या मिशांना चिकटला होता. लढाईचे दिवस असल्यामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, टायर तर त्याहून नाही. सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला माणसाएवढं लोखंडी पिंप बांधलेलं असे. त्यात कोळसा धुमसवायचा आणि त्या गॅसवर इंजिन चालवायचं. मोटार चाले, पण दमेकरी माणसासारखी. आणि ते तापलेलं पिंप बरोबर बायकांच्या बाकामागे.

चाकावर (स्टिअरिंगवर) नवा ड्रायव्हर होता, मालकाचा भाचा नारायण. गोरा, शांत, भांग पाडलेला. मला बरं वाटलं. मग पाहिलं तर पायरीवर दांडी धरून गफूर उभा. चाळिशीचा असेल, काळा, हडकुळा. त्याने मला ओळखलं.

“तूच काय माय ते चिठ्ठी लिवनारी?”

“मीच.”

“अक्षर झकास हाये म्हनतात. मालकानं साऱ्यायले दाखोलं.”

“तू काऊन (का) चालला?”

“तू बोलनार, मंग मले आयकाले तं लागनच ना. आठ दिवस झाले, घरी बसून हावो.”

मी वळले. मागच्या बाकावर जाऊन बसले.

मलकापूर सुटलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन. बोंडं फुटून शेतं पांढरी झालेली, वेचणाऱ्या बायका ओटीत कापूस घेऊन वाकलेल्या. समोर दूर अजिंठ्याच्या डोंगराची निळी रांग. नारायण मोटार अशी हळू नेत होता की एक दमणी (छपराची बैलगाडी) आमच्या पुढे निघून गेली. दमणीतल्या म्हातारबाने हात केला, “या मांगून!” सगळी मोटार हसली.

मोताळ्याला मोटार थांबली. भजी तळत होते. मी भाकर सोडली. गफूरने हॉटेलातून चहा आणून माझ्यापुढे ठेवला.

“तुह्या चहानं मी बोलनं बदलीन असं वाटते काय तुले?”

“नाई वो माय. तू बदलनारी नाईस, हे अक्षरावरूनच समजलं. चहा थंडा होऊन राह्यला, पे.”

प्यायले. चहा चांगला होता, गूळ जास्त. मी विचारलं, इथून काढलं तर दुसरी मोटार मिळेल का? तो म्हणाला, कोनती? टायर नाहीत म्हणून तीन मालकांनी मोटारी वखारीत घालून ठेवल्या आहेत. घरी खाणारी सहा तोंडं. हे त्याने रडून सांगितलं नाही. पाऊस झाला नाही असं सांगावं तसं सांगितलं.

राजूर मागे पडलं आणि घाट लागला. साग, सालई, पळस, वाळलेलं गवत, मध्येच पाण्याने खरवडलेली घळ. रस्ता मुरमाचा, वर खडी सुटलेली. पहिलं आखूड वाकण आलं. नारायणने मोटार हळू केली, चाक पुरतं फिरवलं, तरी मोटार एका दमात वळेना. नाक दरडीला लागलं. त्याने थांबवली, मागे घेतली. मागे म्हणजे दरी. आमचा बाक हवेत लोंबतोय असं वाटलं. पुढे घ्यायला गेला तर इंजिनाने आचका दिला आणि ते मेलं. मोटार आपसूक मागे सरकू लागली. बायका ओरडल्या. गफूरने पायरीवरून उडी मारून चाकाखाली धोंडा सरकवला, तेव्हा ती थांबली. मी खाली पाहिलं. कठडा नव्हता.

माझ्याशिवाय सगळे उतरले. पुरुषांनी ढकललं. इंजिन पुन्हा पेटलं, मोटार चार हात चढली, इंजिन पुन्हा मेलं. असं तीनदा झालं. पिंपाचा धूर तोंडात, खालून दोन कापसाच्या बंड्या येऊन अडकलेल्या, बंडीवाले शिव्या देताहेत. नारायणचा भांग घामाने विस्कटला. गफूर हाताची घडी घालून उभा. चाकाला हात लावायचा नाही असा त्याला हुकूम होता.

मी आतूनच म्हटलं, “नारायण, याले बसू दे.”

“मामा रागावतील.”

“मामाले मी सांगते. इथं रात काढाची काय?”

तो मुकाट्याने उतरला. गफूर चाकावर बसला आणि मागे वळून म्हणाला, “माय, तू बी उतर.”

“माहे गुडघे चढ चढत नाईत. मी बसतेच.”

“मंग पुढं ये. मांगं बसशीन तं आनखी एक चिठ्ठी लिवशीन.”

जन्मात पहिल्यांदा मोटारीत पुढे बसले. समोर काच, काचेपुढे रस्ता. त्याने बंड्या कडेला घ्यायला लावल्या आणि मोटार मागे सोडत सोडत खालच्या सपाट तुकड्यापर्यंत नेली. पिंपातला कोळसा नीट पेटू दिला. घाई केली नाही. मग निघाला, आणि होता नव्हता तेवढा जोर घेऊन त्या वाकणाकडे धावला. मला वाटलं, संपलं. वाकण आलं तसं त्याने चाकाला एक हिसका दिला, बाजूचा ब्रेक क्षणभर ओढला आणि सोडला. मोटारीचा मागचा भाग, पिंपासकट, खडीवरून खर्रकन् गोल सरकला. आणि पुढे? पुढे काही नाही. मी होते तिथेच होते. नुसतं दरड डोळ्यांसमोरून बाजूला झाली आणि वरचा रस्ता सरळ समोर आला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. हातातली पिशवीसुद्धा सांडली नाही.

मी तरुणपणी बंडी हाकलेली बाई आहे. अरुंद बांधावर बंडी वळवायची तर आतला बैल आवरून धरतात आणि बाहेरचा डिवचतात. बैल फिरतात, आणि बंडीची मागची बाजू मातीवरून घासत त्यांच्यामागे येते. मागे बसलेलं माणूस फेकलं जातं, हाकणारा जागेवर असतो. हे मला साठ वर्षं माहीत होतं. मोटारीत मात्र मला फक्त मागचं बसणं माहीत होतं.

वरच्या सपाटीला तो बाकीच्यांची वाट पाहत थांबला. मी विचारलं, “हे दरवेळी कराच लागते काय?”

“चढताना थांबलो का गॅस मरते, ते तुनं पाह्यलं. उतरताना पुढं-मांगं करत बसलो तं मांगचं चाक दरीत. एका दमात वळाची तं शेपूट फेकाच लागते. मंग ते फेकाची तं बरोबर फेकाची. हातभर जास्त गेली का आपुन खाली.”

“आन् पार वरचं वाकण? ते तं रुंद हाये. दिवाळीले तिथंबी फेकली तुनं. कपाळ तिथंच फुटलं त्या बाईचं.”

त्याने चाकावरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, “ते गरजेचं नव्हतं.”

“मंग?”

“हात चांगला चालून राह्यला होता त्या दिवशी. मजा वाटली.”

खोटं बोलला असता तर मला कळलंही नसतं. मागून लोक धापा टाकत आले. बाकीची वाकणं त्यानेच काढली. मी पुढेच बसले, कोणी उठवायची हिंमत केली नाही. मी त्याचे हात पाहत होते. पोळी लाटणारीचे हात पाहावेत तसे. एकही हालचाल फुकट नव्हती. पार वरचं वाकण त्याने सरळ घेतलं.

बुलढाण्याची हवा खालच्यापेक्षा गार. मालक ओसरीवर बसले होते, बाजूला गुळगुळीत झालेल्या टायरांची चवड. त्यांनी पानाचा डबा पुढे केला आणि म्हणाले, “बोला आजीबाई. याने टायर घासून घासून माझं दिवाळं काढलं, आणि तुम्हा बायकांना त्रास दिला तो वेगळाच.”

मी म्हटलं, “कागद द्या. बोललेलं लोक बदलतात.”

गफूर खांबाला टेकून उभा होता. मी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. ‘गफूर आखूड वाकणावर मोटार फेकतो ती गरजेने. न फेकल्यास मोटार अडते व मागे घसरते, हे मी डोळ्यांनी पाहिले. सर्वांत वरचे वाकण रुंद आहे. तिथे तो हौसेने फेकतो व त्यात एका बाईचे कपाळ फुटले. याला काढावे असे मी लिहिले होते, ते मागे घेते.’

हौसेने हा शब्द आला तेव्हा गफूरने मान खाली घातली. मालकांनी कागद उलटसुलट पाहिला.

“हौसेने फेकतो, आणि तरी काढू नको म्हणता?”

“तुमच्या भाच्यानं गरज असताना फेकली नाई, तं साऱ्यायचा जीव जाऊन राह्यला होता. आजची मोटार वर कोनं आनली, इचारा त्याले.”

नारायण दारातच होता. भला पोरगा. म्हणाला, “मामा, मला तो घाट जमणार नाही. गफूरनेच आणली.”

मालकांनी चवडीतल्या वरच्या टायरवरून हात फिरवला. शेवटी म्हणाले, “वरच्या वाकणावर पुन्हा फेकलीस तर मी आजीबाईंनाही विचारणार नाही. सकाळी गाडी तू ने.”

“जी,” गफूर म्हणाला. आणि तो पिंप पाहायच्या निमित्ताने बाहेर गेला.

मी म्हटलं, “अजून एक. बायकायले पुढं बसवा. तानी पोरं, पोटुशा बाया साऱ्या मांगं कोंबता, आन् बाप्येमानसं पुढं ऐसपैस.”

“आजीबाई, पुरुष मंडळी ऐकायची नाहीत.”

“मंग त्यायले पायी जाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने दिलेली वांगी पिशवीत घालून निघाले. आम्ही सहा बायका पुढच्या दोन बाकांवर. मागे पुरुष, पिंपाला पाठ लावून, तोंडं वाकडी करून. वरचं वाकण मोटारीने नव्या सुनेसारखं घेतलं. त्याच्या खालच्या आखूड वाकणावर शेपूट फिरली, आणि मागून एक भारदस्त आवाज आला, “अरे बाप्पा! मारतं काय बे आमाले!” पुढच्या बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. मीही हसले. मी सहसा हसत नाही.

मलकापूरला ते भारदस्त आवाजाचे गृहस्थ, पागोटं काखेत धरून, माझ्याकडे आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही बाई अर्ज लिहून देते. त्यांना गफूरविरुद्ध अर्ज हवा होता; मी त्यांना आल्या पावली परत पाठवलं.

नांदुऱ्याला उतरून घरी आले. तो माणूस मोटार चांगली चालवतो, हे मी कुणालाही सांगेन. आणि माझ्या चार ओळींनी त्याच्या घरची चूल विझणार होती, हेही सांगेन. त्या ओळींत खोटं काही नव्हतं. कपाळ फुटलं होतं, बाई ओकली होती, मोटार फेकली होती. गावात लोक अजून अर्ज लिहून घ्यायला येतात आणि मी लिहून देते. फक्त पेन्सिल हातात घेण्याआधी समोरच्याला विचारते, तू कुठल्या बाकावर बसला होतास?