इंजिन बांधलं, पण जीप सुरू होईना

आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी पेट्रोलची जीप बरीच वर्षं उभी होती. साखर कारखान्यात नोकरीला असताना ते तिच्यातूनच पुरुषोत्तमनगरला जायचे. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं बधिरच राहिली. सदऱ्याची बटणं लावताना त्यांना हाताकडे बघत राहावं लागायचं. दिवसभर ते ओट्यावर बसून असत. एवढा बोलका माणूस असा गप्प झालेला मायला बघवत नव्हता. ती मला फोनवर म्हणायची, ‘‘तू येत जाय वं पोरी.’’

मी शहाद्याच्या शाळेत भूगोल शिकवते, सासरही तिथलंच. त्यामुळे रविवारी माहेरी जाणं अवघड नव्हतं. अशाच एका रविवारी आप्पा म्हणाले, ‘‘जीपनं इंजिन उघाडनं शे.’’

‘‘मले त्यातलं काहीच येत नही, आप्पा.’’

‘‘मले येस ना. बोटं फक्त तुन्हा.’’

तो सगळा हिवाळा त्यात गेला. ते स्टुलावर बसून सांगायचे आणि मी नट सोडायची. निघालेला प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन मायच्या जुन्या लुगड्यावर मांडून ठेवायचा, हा त्यांचा नियम. शहाद्याच्या वर्कशॉपमधून सिलिंडर घासून आणले, नवे पिस्टन घातले, व्हॉल्व्ह बसवले. माझ्या नखांतला काळेपणा कशानेच जाईना. वर्गात एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, तुमची मेंदी काळी कशी रंगली?’’ हे सांगितलं तेव्हा आप्पा किती तरी महिन्यांनी मोठ्याने हसले.

शेवटी इंजिन बांधून झालं. मायने बॉनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारचे शेठ मुद्दाम दुकान बंद करून आले. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण त्यांचा जन्म इथलाच; आप्पांचे ते शाळेपासूनचे सोबती. मी चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा बार निघाला आणि शेठ चार पावलं मागे सरकले.

‘‘अरे भाऊ, मिस्त्रीले बलाव ना,’’ ते म्हणाले. ‘‘इसमें इज्जत का क्या सवाल शे?’’

‘‘मी उघाडं ते मीच चालू करसू,’’ आप्पा म्हणाले.

मग एकेक गोष्ट तपासायला घेतली. बॅटरी उतरली असेल म्हणून शेठच्या टेम्पोची बॅटरी लावून बघितली. इंजिन आणखी जोरात फिरलं, बस. पेट्रोलचा पाइप काढला तर पेट्रोल चांगलं येत होतं. प्लग काढून वायरीला जोडला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मायला सीटवर बसवून चावी फिरवायला सांगितलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा जीपची चावी हातात घेतली. निळी ठिणगी तडतडली.

‘‘पेट्रोल शे, ठिणगी शे,’’ आप्पा स्वतःशीच म्हणाले. ‘‘मंग अडनं कोठे?’’

माय सीटवरून उतरत म्हणाली, ‘‘गाडी काय कोठे पयी नही जाई ऱ्हायनी. जेवाले चाला.’’

जेवताना आप्पांचं ताटाकडे लक्ष नव्हतं. त्यांना एकच धास्ती होती. पिस्टनवर हवा नीट दाबली जात नसेल, तर सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागणार. हात धुतले आणि ते थेट शेडमध्ये गेले. पहिल्या सिलिंडरचा प्लग मी काढला. त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि पुढून हँडल मारायचं; आतून हवेने अंगठा ढकलला, तर इंजिनात जीव आहे. जुन्या सवयीने आप्पांनी स्वतःचा अंगठा ठेवला. मी हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं.

‘‘हवा नही,’’ ते म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते स्टुलावर बसले.  मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघत होते, आणि बहुधा तेव्हाच तेही स्वतःच्या हाताकडे बघत होते. त्यांनी उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. त्यावर भोकाच्या कडेचा गोल काळा डाग उमटला होता.

‘‘आरे, या बधिर अंगठाले काय समजस!’’ ते म्हणाले आणि हसायलाच लागले. ‘‘पोरी, तू ठेव.’’

आता मी अंगठा ठेवला आणि शेठनी हँडल धरलं. आधी काहीच नाही. मग आतून हवेचा असा जोराचा लोट आला की अंगठा बाजूला फेकला गेला. मी ओरडलेच, ‘‘शे, आप्पा! हवा शे!’’

‘‘शेठ, थांब! तठेच थांब!’’ आप्पा ओरडले.

कारण त्या क्षणी त्यांना दुसरंच काही सुचलं होतं. पिस्टन दोनदा वर येतो, त्यांनी मला समजावलं. एकदा हवा दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. ठिणगी पडायला हवी ती हवा दाबली जाते तेव्हा. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा जुळते, आणि आम्ही बांधताना फक्त खूण बघितली होती. चारही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण मी काढलं. आतला काटा पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे असायला हवा होता. तो बरोबर उलट्या दिशेला होता. ठिणगी नेमकी धूर निघायच्या वेळी पडत होती.

झाकणावरच्या चारही वायरी मी काढल्या आणि प्रत्येक बरोबर विरुद्ध बाजूच्या भोकात बसवली. प्लग आवळला. या वेळी चावी मायनेच फिरवली. सीट सोडायला ती तयारच नव्हती. इंजिन एकदा घुटमळलं आणि पेटलं. पत्र्याचं शेड थरथरू लागलं, कोंबड्या पळाल्या. माय स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू ते सोडलं तर जीप निघून जाईल. शेठनी आप्पांना मिठी मारली आणि स्वतःचा पांढरा सदरा तेलाने माखून घेतला.

उन्हं कलती झाल्यावर आम्ही पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला लागलो. जीप मी चालवत होते, आप्पा शेजारी, माय मागे. नवं बांधलेलं इंजिन पळवायचं नसतं, म्हणून उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागेच राहायचं असा आप्पांचा हुकूम होता. कारखान्याच्या मळीचा वास येऊ लागला तसे ते खिडकीबाहेर बघत बोलू लागले. कुठल्या वळणावर पूर्वी बाभळी होत्या, कुठल्या पावसाळ्यात जीप कुठे रुतली, असं काहीबाही. मायने मागून विचारलं, ‘‘चहा कोठे पेवानी?’’ पण त्यांचं बोलणं थांबेना, आणि मीही गाडी थांबवली नाही.